दूरध्वनीची भिंतीवरील पेटी : जाळे कोठे संपते आणि घर कोठून सुरू होते?

ज्या घरात एकेकाळी तारेचा दूरध्वनी होता, त्या घराच्या बैठकीच्या खोलीत, बहुधा दाराजवळच्या कोपऱ्यात, एक लहानशी चौकोनी पेटी आजही भिंतीला चिकटलेली आढळते. दूरध्वनी खात्यातील कर्मचारी तिला 'रोझेट' म्हणत. झाकण काढले की आत दोन स्क्रू, त्यांना गुंडाळलेल्या दोन तांब्याच्या तारा आणि वर्षानुवर्षांची धूळ. झाकण पिवळे पडलेले असते, स्क्रू हिरवट झालेले असतात आणि पावसाळा सुरू झाला की दूरध्वनीत खरखर ऐकू येऊ लागते. अशी पेटी काढून तिच्या जागी नवी, आरजे-११ पद्धतीची खाच असलेली पेटी बसवण्याचे काम स्क्रू-ड्रायव्हर हाती धरता येणाऱ्या कोणाही व्यक्तीस पंधरा-वीस मिनिटांत जमते. नव्या पेटीची किंमतही फार नसते.

तरीसुद्धा विसाव्या शतकाच्या बहुतांश काळात, जगातील बहुतेक देशांत, घरमालकाला या पेटीला हात लावण्याची अनुमती नव्हती. घर त्याचे, भिंत त्याची, भाडेही तोच भरणार. मात्र पेटी त्याची नव्हे. असे का होते आणि ही स्थिती कशी बदलत गेली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. नैसर्गिक मक्तेदारी, बाह्य परिणाम, मालमत्तेचे हक्क, माहितीची विषमता या संकल्पना अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातून परिचित असतात. त्या सर्व या हातभर अंतरात एकत्र पाहावयास मिळतात.

केंद्रापासून पेटीपर्यंत

प्रथम मार्ग समजून घेऊ. दूरध्वनी केंद्रातील मुख्य वितरण चौकटीतून शेकडो जोड्यांची जाड केबल बाहेर पडते. ती रस्त्याकडेच्या कपाटापर्यंत येते. त्याला 'पिलर' म्हणण्याचा प्रघात आहे. तेथून लहान केबली गल्लीबोळांतील वितरण पेट्यांपर्यंत, म्हणजे 'डीपी'पर्यंत, जातात. डीपीपासून घरापर्यंत येते ती 'ड्रॉप वायर' आणि ती जेथे संपते ती आपली रोझेट. केंद्रापासून रोझेटपर्यंतच्या या संपूर्ण तारजोडीस 'लोकल लूप' असे नाव आहे.

या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावे. पाण्याची मुख्य नलिका किंवा विजेची वाहिनी अनेक घरांत वाटली जाते. दूरध्वनीची तारजोडी मात्र केंद्रापासून घरापर्यंत एकेका ग्राहकासाठी स्वतंत्र असते. दिवसाच्या चोवीस तासांपैकी बहुतेक वेळ ती निष्क्रिय असते, पण तिच्यात गुंतलेले भांडवल मात्र सदैव अडकून पडलेले असते. शिवाय एकदा जमिनीत पुरलेली तार उपटून दुसरीकडे वापरता येत नाही. हा बुडीत खर्च होय. दुसऱ्या कंपनीने त्याच गल्लीत पुन्हा खोदकाम करून त्याच घरांपर्यंत आणखी एक तार आणणे समाजाच्या दृष्टीने अपव्यय ठरतो. नैसर्गिक मक्तेदारीची ही अगदी पाठ्यपुस्तकी परिस्थिती आहे.

तारेतून काय येते, हेही पाहू. रिसीव्हर खाली ठेवलेला असताना दोन तारांमध्ये सुमारे ४८ व्होल्टचा एकदिश दाब असतो. तो केंद्रातील बॅटऱ्यांमधून येतो. म्हणूनच घरातील वीज गेली तरी साधा दूरध्वनी चालू राहत असे. या बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडलेले असते व तार ऋण दाबावर राहते. जमिनीतील ओलाव्यामुळे तांबे झिजू नये म्हणून पूर्वसूरींनी योजलेला हा उपाय आहे आणि तो इतका साधा आहे की त्याचे श्रेय कोणालाच दिले जात नाही. घंटा वाजते तेव्हा मात्र याच तारांवरून ७५ ते ९० व्होल्टच्या आसपासचा प्रत्यावर्ती दाब येतो. रिसीव्हर उचलताच परिपथ पूर्ण होतो, प्रवाह वाहू लागतो आणि कोणीतरी बोलू इच्छिते हे केंद्राला कळते.

पेटी बदलताना

आता प्रत्यक्ष काम. जुने झाकण काढल्यावर सर्वप्रथम बाहेरून येणाऱ्या तारा कोणत्या आणि घरातील अन्य खोल्यांकडे जाणाऱ्या तारा कोणत्या, हे ओळखावे. अनेक जुन्या घरांत एकाच स्क्रूखाली तीन-तीन तारा दाबलेल्या असतात. चिठ्ठी चिकटवून वा निदान कागदावर आकृती काढून ठेवल्यास पुढील गोंधळ टळतो. हात कोरडे असावेत, स्क्रू-ड्रायव्हरची मूठ विद्युतरोधक असावी आणि आकाशात विजा चमकत असताना हे काम हाती घेऊ नये. ४८ व्होल्टचा दाब कोरड्या बोटांना जाणवत नाही. परंतु नेमकी त्याच क्षणी घंटा आली तर चांगलाच झटका बसतो. म्हणून दोन्ही उघड्या तारा एकाच वेळी हाती न धरता एका वेळी एकच तार सोडवावी.

दोन तारा एकमेकींना टेकणार नाहीत, याचीही दक्षता घ्यावी. त्या टेकल्या तर धोका काही नाही. पण केंद्राच्या दृष्टीने तो रिसीव्हर उचलल्याचा संकेत ठरतो. क्रमांक फिरवला जात नाही असे पाहून केंद्र काही वेळाने ती जोडणी बाजूला ठेवते आणि बाहेरून फोन करणाऱ्यास आपला दूरध्वनी व्यस्त आढळतो. 'फोन मृत आहे' अशा तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा एवढेच कारण असते.

तारांची हिरवी पडलेली टोके कापून टाकावीत व सुमारे एक सेंटिमीटर ताजे तांबे उघडे करावे. आत नख रुतवून किंवा दातांनी सोलण्याची आपल्याकडील पद्धत सोडलेली बरी. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेला चीर पडते आणि ती पुढच्या वर्षी तुटते. तार स्क्रूभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळवावी, म्हणजे स्क्रू आवळताना ती बाहेर ढकलली जात नाही. आरजे-११ खाचेत मधल्या दोन पट्ट्यांना या दोन तारा जोडल्या जातात. कोणती तार कोणत्या बाजूस, हा प्रश्न आधुनिक उपकरणांना पडत नाही, कारण त्यांच्यात दिशा सुधारून घेणारा परिपथ असतो. काही जुन्या बटणांच्या उपकरणांत मात्र तारा उलट लागल्यास आवाज ऐकू येतो, पण क्रमांक लागत नाही. तसे झाल्यास तारांची अदलाबदल करावी. शेवटी डायल टोन ऐकावा आणि मोबाइलवरून स्वतःच्याच क्रमांकावर घंटा देऊन पाहावी.

घरात तारेवरील ब्रॉडबँड असेल तर आणखी एक दक्षता घ्यावी लागते. मानवी संभाषण ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यात सामावते. एडीएसएल तंत्र त्याच तारेवर सुमारे २५ किलोहर्ट्झच्या वरचा पट्टा वापरते. हे दोन पट्टे वेगळे करणारा स्प्लिटर पहिल्या पेटीलगतच बसवावा लागतो. त्याच्या आधीच एखादी तार फोडून दुसऱ्या खोलीत नेली असेल, तर ती लोंबती तार प्रतिध्वनी निर्माण करते व इंटरनेटचा वेग घटतो. न वापरली जाणारी समांतर जोडणी पेटीतूनच सोडवून टाकणे हा त्यावरील बिनखर्ची उपाय आहे.

दोष कोणाचा, हे कसे ठरवावे?

वरील तपशील केवळ हौशी कारागिरीचा नाही. त्यात एक चाचणी दडलेली आहे. पेटीतून घराच्या आत जाणाऱ्या सर्व तारा सोडवाव्यात आणि खात्रीने चालणारे एक उपकरण थेट बाहेरून आलेल्या तारांना जोडावे. डायल टोन स्वच्छ ऐकू आला तर दोष घरात आहे. नाही आला तर दोष बाहेर आहे.

ही चाचणी न केल्याने काय घडते, याचे एक उदाहरण माझ्या परिचयाचे आहे. माझ्या आत्या जुन्या वाड्यातील दोन खोल्यांत एकट्या राहत. २००६ च्या पावसाळ्यात त्यांचा दूरध्वनी बंद पडला. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता आणि हृदयविकाराची औषधे चालू होती. डॉक्टरांशी संपर्काचे साधन ते एकच. सेवादात्याचा माणूस चौथ्या दिवशी आला, खांबावर चढला, 'लाइन ठीक आहे, घरातील वायरिंग बदला' असे सांगून गेला. वायरमन आला, त्याने नवी तार ओढली, पैसे घेतले आणि 'दोष बाहेरचा आहे' असा निर्वाळा दिला. अकराव्या दिवशी मी स्वतः गेलो तेव्हा रोझेटचे झाकण उघडण्याचे कष्ट दोघांपैकी एकानेही घेतले नसल्याचे दिसले. स्क्रूभोवतीची तार गंजून तुटली होती. पेटी दोघांच्या हद्दीवर होती, म्हणून ती कोणाचीच नव्हती.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर येथे तीन गोष्टी एकत्र आल्या. दोषाची खरी जागा ग्राहकाला ठाऊक नव्हती, ही माहितीची विषमता. दोष दुसऱ्याच्या बाजूस ढकलण्यात प्रत्येक पक्षाचा लाभ होता, ही प्रेरणांची विसंगती. आणि जबाबदारीची सीमारेषा स्पष्ट नव्हती, हा मालमत्ता-हक्कांचा दोष. रोनाल्ड कोस यांनी १९६० मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की हक्क सुस्पष्ट असतील आणि व्यवहार-खर्च नगण्य असेल, तर हक्क मुळात कोणालाही दिले तरी परस्पर वाटाघाटीतून कार्यक्षम तोडगा निघू शकतो. येथे हक्क सुस्पष्ट नव्हते आणि व्यवहार-खर्चही नगण्य नव्हता. ज्या पेटीत दोन्ही बाजू सहज सुट्या करता येतात, ती पेटी दोषाचा निर्णय दोन मिनिटांत आणि निर्विवादपणे देते. तिची खरी किंमत त्या प्लास्टिकच्या तुकड्यापेक्षा कितीतरी अधिक आहे.

अमेरिकेतील वाद आणि एका खाचेचा जन्म

जगभर प्रचारात आलेल्या आरजे-११ या नावातील 'आरजे' ही अक्षरे 'नोंदणीकृत खाच' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे आहेत. नोंदणी कशाची आणि कोणाकडे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्याच्या उत्तरात दूरसंचार नियमनाचा मोठा इतिहास आहे.

अमेरिकेत दीर्घकाळ एटी अँड टी या कंपनीचे वर्चस्व होते. केंद्र, तारा, घरातील वायर, भिंतीवरील जोड आणि मेजावरचे उपकरण या सर्वांची मालकी तिच्याकडे असे. ग्राहक केवळ भाडे देई. बाहेरचे कोणतेही साधन जोडण्यास कंपनीच्या दरपत्रकानेच मनाई होती. 'हश-ए-फोन' नावाचे एक साधे साधन होते. बोलण्याच्या तोंडावर बसवावयाचा तो एक प्याला होता, जेणेकरून शेजाऱ्यास संभाषण ऐकू जाऊ नये. त्यात तार नव्हती, वीज नव्हती. त्यालाही कंपनीने आक्षेप घेतला आणि नियामक आयोगाने कंपनीची बाजू उचलून धरली. १९५६ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. ग्राहकास जे खाजगीरीत्या उपयुक्त आहे आणि सार्वजनिक व्यवस्थेला ज्यामुळे अपाय होत नाही, ते वापरण्याचा त्याला हक्क आहे, असे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

पुढे टेक्सासमधील थॉमस कार्टर यांनी 'कार्टरफोन' बनवला. दुर्गम तेलक्षेत्रांवरील रेडिओ-संचाचा आवाज दूरध्वनीच्या जाळ्यात पोचवण्याचे ते साधन होते. १९६८ मध्ये संघीय संचार आयोगाने त्याच्या बाजूने निर्णय दिला आणि बाहेरची उपकरणे जोडण्यावरील सरसकट बंदी रद्द ठरवली. कंपनीने मग नवी अट घातली : उपकरण जोडा, पण मधे आमचे संरक्षक साधन बसवा आणि त्याचे भाडे भरा. अखेरीस १९७५ मध्ये आयोगाने नोंदणीची पद्धत स्वीकारली. उपकरण ठरावीक तांत्रिक मानकांस उतरले, त्याची नोंदणी झाली आणि ते प्रमाणित खाचेतून जोडले, की कंपनीची परवानगी लागणार नाही. त्या प्रमाणित खाचांपैकी एक म्हणजे आरजे-११.

येथे थोडे थांबून कंपनीचा युक्तिवाद प्रामाणिकपणे तपासला पाहिजे. तो सर्वस्वी खोटा नव्हता. एखाद्याने सदोष उपकरणाद्वारे २३० व्होल्टचा दाब तारेवर सोडला तर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतू शकते. एका ग्राहकाच्या उपकरणातील गोंगाट शेजारच्या जोडीत उतरू शकतो. हा नकारात्मक बाह्य परिणाम होय. प्रश्न होता तो उपायाचा. बाह्य परिणाम रोखण्यासाठी सर्व वस्तूंची मालकी एकाच हाती ठेवणे हा एक मार्ग. मानक ठरवून त्याचे पालन तपासणे हा दुसरा. पहिल्या मार्गात सुरक्षितता मिळते, पण नवकल्पनेचा दरवाजा बंद होतो. दुसऱ्या मार्गात सीमारेषेच्या पलीकडे कोणालाही प्रयोग करता येतो. उत्तर देणारी यंत्रे, स्वस्त फॅक्स आणि घरगुती मोडेम यांचा वेगाने प्रसार झाला तो या खाचेमुळे, असे म्हणण्यास हरकत नाही. नियमनाचा इतिहास शिकवताना आपण १ जानेवारी १९८४ रोजी झालेल्या एटी अँड टीच्या विभाजनावर अधिक भर देतो. माझ्या मते या खाचेचे महत्त्व त्याहून कमी नाही.

घरातील तारा कंपनीच्या मालकीच्या होत्या तोपर्यंत त्यांच्या देखभालीचा खर्च सर्वांच्या भाड्यात मिसळलेला असे. १९८० च्या दशकात अमेरिकेत तो वेगळा करण्यात आला आणि अंतर्गत तारा ग्राहकाच्या जबाबदारीत आल्या. ज्याला स्वतः पेटी बदलता येते त्याचा खर्च वाचला. ज्याला येत नाही त्याच्यासाठी मासिक शुल्काच्या देखभाल-योजना निघाल्या. हा एक प्रकारचा विमाच. ज्यांच्या तारा जुनाट, तेच प्रामुख्याने अशी योजना घेणार, हे विम्यातील प्रतिकूल निवडीचे तत्त्व येथेही लागू पडते. ब्रिटनमध्ये १९८१ पर्यंत उपकरण भिंतीशी कायमचे जोडलेले असे. त्या वर्षी खाच-आणि-खटक्याची नवी पद्धत आली आणि उपकरणांच्या बाजारात स्पर्धेला वाट मिळाली.

भारतातील वाटचाल

भारतात दूरध्वनी केंद्रे सुरू झाली ती १८८२ मध्ये, कोलकाता, मुंबई आणि चेन्नई या तत्कालीन इलाख्यांच्या राजधान्यांत. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने तारयंत्रणा स्थापण्याचा व चालवण्याचा अनन्य अधिकार केंद्र सरकारकडे दिला. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये बंगळुरू येथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज स्थापन झाली. काळे, जड, फिरत्या तबकडीचे उपकरण पुढील कित्येक दशके तिनेच घरोघर पोचवले. १९८४ मध्ये ग्राहकाकडील उपकरणांचे उत्पादन खाजगी क्षेत्रास खुले झाले आणि बाजारात रंगीत, बटणांची उपकरणे दिसू लागली. उदारीकरणाची सुरुवात आपण १९९१ पासून मोजतो. दूरसंचार क्षेत्रात ती भिंतीवरील पेटीच्या घराकडील बाजूने सात वर्षे आधीच झाली होती, ही बाब फारशी नोंदली जात नाही.

पेटीच्या दुसऱ्या बाजूस मात्र टंचाई कायम होती. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणातच नमूद आहे की त्या वेळी दर शंभर व्यक्तींमागे सुमारे ०.८ दूरध्वनी होते, जगाची सरासरी १० होती, देशात सुमारे ८० लाख जोडण्या होत्या आणि प्रतीक्षा यादीत सुमारे २५ लाख अर्जदार होते. टंचाईच्या व्यवस्थेत वस्तूचे मूल्य पैशाऐवजी प्रतीक्षेने चुकते केले जाते. जोडणी मिळाली हेच भाग्य मानणारा ग्राहक पेटी कोणाची, असा प्रश्न विचारत नाही.

त्यानंतरच्या टप्प्यांचा उल्लेख येथे धावता करतो : १९९७ मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय), १९९९ चे नवे दूरसंचार धोरण, २००० मध्ये तंटा निवारणासाठी स्वतंत्र अपील न्यायाधिकरण, त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून भारत संचार निगमचे कामकाज. ऑक्टोबर २००४ मध्ये मोबाइल ग्राहकांची संख्या तारेच्या ग्राहकांहून अधिक झाली.

अधिक विचार करण्याजोगी आहे ती त्याच वर्षातील दुसरी घटना. ब्रॉडबँडच्या प्रसारासाठी तांब्याच्या तारजोड्या अन्य सेवादात्यांना वापरू द्याव्यात, म्हणजे लोकल लूप खुली करावी, अशी शिफारस ट्रायने २००४ मध्ये केली. तर्क सरळ होता : तार दुसऱ्यांदा पुरणे परवडत नाही, मग आहे ती तार वाजवी भाड्याने सर्वांना द्या. सरकारच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने मात्र हे बंधनकारक केले नाही; परस्पर सहमतीच्या व्यापारी करारांवर ते सोपवले. तार टाकणाऱ्याने गुंतवणूक केली आहे, ती प्रतिस्पर्ध्यास सक्तीने द्यावी लागली तर पुढे गुंतवणूक करण्याची प्रेरणाच उरणार नाही, अशी त्यामागील बाजू होती. धोरणाचे उद्दिष्ट २०१० पर्यंत २ कोटी ब्रॉडबँड ग्राहकांचे होते. त्या वर्षाच्या अखेरीस प्रत्यक्षात सुमारे १.१ कोटी झाले. सारे खापर या एका निर्णयावर फोडणे शास्त्रीय ठरणार नाही, कारण संगणकांची किंमत, तारांची खालावलेली अवस्था आणि मोबाइलचा झपाटा हेही घटक होते. परंतु ज्यांच्याकडे तार होती, त्यांना प्रतिस्पर्ध्याशी करार करण्याची कोणतीही निकड नव्हती, हे खरे. मक्तेदाराच्या स्वेच्छेवर सोडलेली स्पर्धा सहसा अवतरत नाही, असे माझे मत आहे. विरुद्ध मत मांडणारे अर्थतज्ज्ञही आहेत आणि उत्तरपत्रिकेत दोन्ही बाजू मांडाव्यात.

दुरुस्तीच्या विलंबाविषयी ट्रायने सेवा-गुणवत्तेचे विनियम केले. २००९ च्या विनियमांत दोष तीन दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहिल्यास भाड्यात सूट देण्याची तरतूद होती. २०२४ मध्ये तार, मोबाइल आणि ब्रॉडबँड या तिन्हींसाठी एकत्रित विनियम आले. भाड्यातील सूट ही दंडापेक्षा अधिक परिणामकारक, कारण ती आपोआप ग्राहकाच्या देयकात उतरते; अट एवढीच की दोष बाहेरच्या बाजूचा होता, हे सिद्ध व्हावे. आत्यांच्या पेटीचा प्रश्न येथे पुन्हा उपस्थित होतो.

उपकरणांच्या बाबतीत नोंदणीचा मार्ग भारताने उशिरा, पण अधिक विस्तृत स्वरूपात स्वीकारला. २०१७ मधील नियम-दुरुस्तीने दूरसंचार उपकरणांची पूर्वचाचणी व प्रमाणन अनिवार्य केले आणि दूरसंचार अभियांत्रिकी केंद्रामार्फत २०१९ पासून ते टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागले. अमेरिकेत १९७५ मध्ये चिंता होती ती जाळ्याच्या हानीची. आज तीत माहितीच्या सुरक्षिततेची भर पडली आहे. १८८५ च्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी संसदेने दूरसंचार अधिनियम, २०२३ संमत केला आहे.

तांब्यानंतर

२००० च्या दशकाच्या मध्यास देशात तारेच्या जोडण्या सुमारे ५ कोटी होत्या. २०२० च्या सुमारास त्या २ कोटींच्या आसपास उरल्या. त्यानंतर आलेख पुन्हा वर वळला आणि २०२३ च्या अखेरीस त्यांनी ३ कोटींचा टप्पा ओलांडलेला होता. ही वाढ तांब्याची नव्हे. घरापर्यंत आलेल्या प्रकाशतंतूवरून इंटरनेट मिळते आणि त्याच जोडणीवर दूरध्वनी क्रमांक दिला जातो. ग्रामीण भागासाठी २०११ मध्ये मंजूर झालेला आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखला जाऊ लागलेला प्रकल्पही याच तंतूचा. त्याला निधी मिळतो तो सार्वत्रिक सेवा दायित्व निधीतून, ज्याला नव्या अधिनियमाने 'डिजिटल भारत निधी' असे नाव दिले आहे.

तंतू आला तशी पेटीही बदलली. आता भिंतीवर एक लुकलुकते उपकरण असते. ते प्रकाशाचे संकेत विजेच्या संकेतांत रूपांतरित करते. याच्या तारा स्क्रू-ड्रायव्हरने जोडता येत नाहीत, तंतूचे टोक डोळ्यांसमोर धरून आत पाहणे धोक्याचे असते आणि ते फार वाकवले तर प्रकाश बाहेर निसटतो. केंद्राची ४८ व्होल्टची बॅटरी आता घरापर्यंत पोचत नाही, कारण काचेतून वीज वाहत नाही. वीज गेली की दूरध्वनीही गेला. तो चालू राहावयाचा असेल तर लहानसा यूपीएस ग्राहकाने स्वखर्चाने ठेवायचा. पूर्वी जाळ्याच्या बाजूस असलेला एक खर्च नकळत सीमारेषा ओलांडून घरात आला आहे आणि कोणत्याही दरपत्रकात त्याचा उल्लेख नाही.

या उपकरणाची मालकी बहुधा सेवादात्याकडे असते. सेवादाता बदलला की उपकरण परत करावे लागते. त्याच्या मागील बाजूस पाहिले तर 'फोन' असे लिहिलेली एक खाच दिसते. ती आरजे-११ च आहे. भिंतीतील जुन्या तारा शाबूत असतील, तर रोझेटमधून बाहेरची मृत ड्रॉप वायर आधी पूर्णपणे सोडवावी आणि मग या खाचेपासून एक छोटी तार रोझेटपर्यंत न्यावी. स्वयंपाकघरातील, झोपण्याच्या खोलीतील जुनी उपकरणे पुन्हा वाजू लागतात. बाहेरची तार सोडवण्यास विसरू नये. ती जोडलेली राहिली आणि डीपीकडील बाजूने एखाद्या दिवशी कोणी तिच्यात दाब सोडला, तर नवे उपकरण जळते. ते दुरुस्त कोणी करायचे, याविषयी करारपत्रात काय लिहिले आहे हे जोडणी घेतानाच वाचून ठेवावे.